नळाच्या आट्यांची कुळकथा

श्रोतेहो, इतिहास हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर राजे, तह, लढाया आणि किल्ले उभे राहतात. क्रमिक पुस्तकांतून आपण जो इतिहास शिकलो तो बहुतेक याच मासल्याचा होता. परंतु मनुष्याच्या उद्योगाचाही एक इतिहास आहे, आणि त्याची कागदपत्रे दप्तरखान्यात नसून आपल्या घरातच, कित्येकदा तर भिंतीच्या पोटात, पुरलेली असतात. आज मी आपणांस अशाच एका ठिकाणी नेऊ इच्छितो. ते ठिकाण म्हणजे आपले न्हाणीघर, आणि तो दस्तऐवज म्हणजे बोटभर लांबीचा एक लोखंडी तुकडा.

प्रसंग अगदी नित्याचा आहे. तोटी गळू लागते म्हणून न्हाणीघराची दुरुस्ती निघते. तोटी कशीबशी निघते. पण तिच्या मागचा आटेदार तुकडा, ज्याला कारागीर निपल म्हणतात, तो भिंतीतील एल्बोमध्ये असा रुतून बसलेला असतो की, पान्याला दोन माणसे लोंबकळली तरी जागचा हलत नाही. किंवा हलतो तो मोडूनच. त्याचे अर्धे अंग हाती येते व अर्धे आत राहते. मग लादी फोडा, भिंत खणा, शेजाऱ्याकडे ओल गेली म्हणून त्याची बोलणी खा, आणि दोनशे रुपयांच्या कामाला दहा हजार मोजा, असा क्रम सुरू होतो. गोरेगावच्या पूर्वेस असलेल्या आरे कॉलनीतील जुन्या घरांत हा प्रसंग वरचेवर येतो. ही दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली. मुंबई शहरातील म्हशींचे गोठे हलवून त्यांस येथे मोकळी जागा द्यावी व शहरास स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा हेतू. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्या पिढीच्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ घालीत, आणि ज्या घरांत ते अद्याप बदललेले नाहीत तेथील जोड कित्येक दशकांत एकदाही उघडलेले नाहीत.

असा जोड अडला म्हणजे आपण त्याला हट्टी म्हणतो आणि हट्टाला उत्तर म्हणून जोर लावितो. माझे म्हणणे असे की, त्या जोडाची कुळकथा ज्यास ठाऊक आहे तो जोर लावीत नाही. तो जोड कोणी, कशाने व कोणत्या हेतूने बसविला हे समजले म्हणजे तो उघडावा कसा, हे निम्मे समजल्यासारखेच आहे.

या कथेचा आरंभ आरेच्या कुंपणापाशीच होतो, हा एक योगायोग होय. वसाहतीच्या पूर्वेस टेकड्यांच्या कुशीत विहारचा तलाव आहे. मुंबई बेटास नळाचे पाणी प्रथम मिळाले ते याच तलावातून. तत्पूर्वी बेटावरील लोक विहिरी व तळी यांवर निर्वाह करीत. धोबीतलाव, गोवालिया टँक ही आजची स्थलनामे त्या कोरड्या पडलेल्या काळाची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वस्ती वाढली आणि पाणी पुरेनासे झाले. १८५० नंतरच्या दशकात पाऊस अपुरा पडला तेव्हा गुरे शहरातून माहीमकडे हलवावी लागली, आणि आगगाडीने व होड्यांनी पाणी आणून विहिरींत ओतण्याची पाळी आली. ज्या शहराच्या तिन्ही बाजूंस समुद्र त्याने पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहावी, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

यावर उपाय म्हणून मिठी नदीच्या खोऱ्यात विहार येथे बांध घालण्याची योजना हेन्री कॉनिबिअर या अभियंत्याने तयार केली. कुलाब्याचे अफगाण चर्च ज्याच्या आराखड्यावरून उभे राहिले तोच हा गृहस्थ. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली पुरे झाले. आरंभी दिवसास सुमारे ३ कोटी २० लक्ष लिटर पाणी मिळू लागले. पुढे १८७९ साली तुळशी व १८९२ साली तानसा यांची भर पडली. आरेच्या दक्षिणेकडील पवईच्या तलावाचे पाणी मात्र पिण्यास योग्य ठरले नाही. ते आजही आरेची वसाहत व कारखाने यांस पिण्याव्यतिरिक्त इतर कामांसाठी दिले जाते. १९११ साली डॉक्टर बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी करून, शहरातील उघड्या विहिरी हेच तापाच्या डासांचे माहेरघर आहे असे दाखवून दिले, आणि त्यानंतर शेकडो विहिरी बुजविण्यात किंवा झाकण्यात आल्या. तेव्हापासून मुंबईकराचा आधार नळ हाच राहिला. नळाचा जोड ही क्षुल्लक गोष्ट न राहता शहराच्या जीविताची गोष्ट झाली, ती अशी.

विहारपासून शहरापर्यंत चौदा-पंधरा मैल जे मोठे नळ घातले ते ओतीव लोखंडाचे होते. त्यांच्या जोडास आटे नव्हते. एका नळाचे तोंड घंटेसारखे रुंद असे. त्यात दुसऱ्या नळाचे टोक घालीत, फटीत तागाची दोरी ठोकीत आणि वरून शिशाचा रस ओतून तो हातोडीने दाबून बसवीत. शिसे मऊ असल्यामुळे जमीन किंचित हलली तरी जोड फुटत नसे. नळकाम करणाऱ्यास इंग्रजीत प्लंबर म्हणतात, त्याचे मूळ या शिशातच आहे. लॅटिन भाषेत शिशाला प्लंबम् हा शब्द आहे. परंतु रस्त्यावरचे पाणी माडीवर, मोरीत आणि न्हाणीघरात न्यावयाचे तर बारीक नळ हवे, वळणे हवीत, फाटे हवेत. घरात कोठे शिशाचा रस ओतीत बसणार? तेथे मळसूत्राचे आटे पाहिजेत.

बारीक लोखंडी नळांची मूळ पीठिका मोठी चमत्कारिक आहे. इंग्लंडात कोळशाच्या वायूचे दिवे लागू लागले तेव्हा वायू वाहून नेण्यास स्वस्त नळ्या मिळेनात. नेपोलियनबरोबरची युद्धे नुकतीच संपली होती आणि बंदुकांच्या निरुपयोगी नळ्या ढिगांनी पडल्या होत्या. त्याच एकापुढे एक जोडून वायूसाठी वापरण्यात आल्या. युद्धात आग ओकणाऱ्या नळ्यांनी शांततेत दिवे लाविले! पुढे १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने लोखंडाची लांब पट्टी तापवून, साच्यातून ओढून, तिच्या कडा एकमेकींस चिकटविण्याची कृती शोधली, आणि लोखंडी नळी स्वस्त झाली.

नळी स्वस्त झाली तरी आट्यांचा गोंधळ होताच. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कोणाचे बारीक, कोणाचे भरड, कोणाचे उभट, कोणाचे पसरट. एका कारखान्याचा मळसूत्री खिळा दुसऱ्याच्या चाकीत जात नसे. वस्तू मोडली की ती जेथे घडली तेथेच परत न्यावी लागे. मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ याने अनेक कारखान्यांतून नमुने गोळा केले, त्यांचे माप घेतले, सरासरी काढली, आणि १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचून सर्वांनी एकच प्रमाण धरावे अशी विनंती केली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि जाडीप्रमाणे दर इंचास किती आटे, याचा ठराविक तक्ता, एवढेच त्या विनंतीचे सार. यात कसलाही दिपविणारा शोध नव्हता. होता तो केवळ व्यवहारी समजूतदारपणा, आणि तो मान्य करावयास लोकांस आपापला अभिमान सोडावा लागला.

पाण्याच्या नळांच्या आट्यांस १९०५ साली ब्रिटनमध्ये पक्के प्रमाण मिळाले. ब्रिटिश अमदानीत तेच आपल्याकडे आले. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. पुढे तिने नळाच्या आट्यांचे जे मानक ठरविले, त्यात आणि आज आंतरराष्ट्रीय म्हणून चालणाऱ्या मानकातही हेच जुने आटे कायम आहेत. आपल्या अर्ध्या इंची नळास दर इंचास १४ आटे असतात. आज आपण दुकानातून नवी तोटी आणली तर तिच्या शेपटावरही तेच १४ आटे, तोच ५५ अंशांचा कोन. इंच गेला, मीटर आला, राज्ये बदलली, पण आटे बदलले नाहीत.

येथे एक कोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्ध्या इंची म्हणून आणलेला नळ पट्टीने मोजून पाहा. त्यात अर्धा इंच कोठेच सापडणार नाही! बाहेरची जाडी सुमारे २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक. आतले भोक सुमारे १६ मिलिमीटर. मशारनिल्हे दुकानदार आता त्याला १५ मिलिमीटरचा नळ म्हणतो, तर तेही माप त्यात नाही. याचे कारण असे. पूर्वी नळीची भिंत जाड असे व आतले भोक खरोखरच अर्ध्या इंचाच्या जवळपास असे. पुढे लोखंड सुधारले आणि भिंत पातळ करणे शक्य झाले. परंतु आटे बाहेरच्या अंगास असल्यामुळे बाहेरचे माप बदलणे शक्य नव्हते; नाही तर जुन्या नळास नवा जोड बसला नसता. म्हणून बाहेरचे अंग तसेच राहिले, भोक मोठे झाले, आणि नाव मात्र जुनेच टिकले. वाडा पडून गेला तरी आळीला त्याचे नाव राहावे, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत मात्र नळाच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे. दुर्दैवाने तेथील अर्ध्या इंची नळासही दर इंचास १४च आटे असतात. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने हौसेने आणलेला स्नानाचा फवारा आपल्या नळावर दोन-तीन फेरे सुखाने चढतो, आपण निश्चिंत होतो, आणि रात्री तो गळू लागतो. वरवरच्या साम्याने फसगत होते ती अशी.

आता आपल्या अडलेल्या निपलकडे वळू. त्याच्या आट्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. ते सरळ नसून निमुळते असतात; दर १६ मिलिमीटर लांबीस व्यास १ मिलिमीटरने वाढत जातो. म्हणजे हा जोड वस्तुतः एक पाचर आहे, गोल गुंडाळलेली पाचर. निपल जसजसा आत फिरवावा तसतसा तो एल्बोच्या अंगास अधिक दाबून बसतो. पाणी थांबते ते या दाबामुळे. पण लोखंडावर लोखंड कितीही दाबले तरी आट्यांच्या शेंड्यांशी बारीक वाट राहतेच. ती बुजविण्यासाठी कारागीर तागाचा धागा गुंडाळीत आणि त्यावर जवसाच्या तेलात कालवलेला सफेदा किंवा शेंदूर लावीत. होय, मारुतीच्या मूर्तीस आपण तेलात खलून लावितो तोच शेंदूर. तो शिशाची भस्मवत् पूड होय, आणि जुना सफेदाही शिशाचाच असे. जवसाचे तेल हवेने वाळून कातड्यासारखे चिवट होते, धागा पाण्याने फुगतो, आणि दोहोंची मिळून दगडासारखी घट्ट वळी बनते. जोड कधी गळू नये म्हणूनच हा सारा खटाटोप होता. तेव्हा तो सहजासहजी उघडत नाही, यात त्या जुन्या कारागिराचा दोष नसून त्याचे कौशल्यच दिसते.

पण केवळ एवढ्यानेच जोड अडत नाही. खरा कुलूपकर्ता गंज होय. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर मुलामा देण्याची कृती पेटंट केली. जस्ताचा गुण असा की, पाण्यात लोखंडाबरोबर असता ते स्वतः आधी झिजते व लोखंडास वाचविते. मात्र निपलास आटे पाडताना हत्यार तोच मुलामा कातून काढते. ज्या ठिकाणी रक्षणाची सर्वांत अधिक गरज तेथेच कवच नाहीसे होते. मग वर्षानुवर्षे ओल लागून तेथे गंज चढतो. आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. दोन आट्यांमधील सांदीत त्याला पसरण्यास जागा कोठली? तो दोन्ही अंगांस दाबतो आणि पाचरीत पाचर मारल्यासारखे होते.

त्यात तोटी पितळेची असली म्हणजे आणखी एक कारण जोडीस येते. दोन भिन्न धातू पाण्यात एकमेकांस लागले की त्यांतील एक झिजतो, आणि पितळ व लोखंड यांच्या संगतीत झिजावे लागते ते लोखंडास. हा धडा इंग्रजी आरमाराने फार महाग किंमत देऊन घेतला. १७६१ साली अलार्म नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे मारले. १७६३ साली पाहणी झाली तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते, परंतु ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खाऊन गेले होते. गंमत अशी की, जेथे तांब्याच्या पत्र्यावरचा वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून आत राहिला होता तेथले खिळे शाबूत निघाले. एवढ्याशा कागदाने दोन धातूंची गाठ पडू दिली नव्हती.

आता शस्त्राचा विचार करू. गोल नळी पकडणे ही साधी गोष्ट नाही. सामान्य पाना तिच्यावरून घसरतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात वॉलवर्थ कंपनीच्या नोकरीत असलेल्या डॅनियल स्टिलसन याने एक पाना योजिला. त्यास दात होते आणि त्याचा जबडा किंचित सैल ठेविला होता, त्यामुळे जितका जोर लावावा तितकी पकड घट्ट होई. लाकडाचा नमुना त्याने मालकांस दाखविला. त्यांनी खरा पाना करावयास सांगितला आणि बजावले की, याने एक तर नळ पिळून तोड, नाही तर पानाच मोड. नळ तुटला, अशी हकीकत सांगतात. १८६९ साली त्यास पेटंट मिळाले, आणि आज आपल्या प्रत्येक नळकारागिराच्या पिशवीत जो पाईप पाना असतो तो त्याचाच वंशज. या हकीकतीतील बोध मात्र पुष्कळजण विसरतात: पाना नळापेक्षा बलवान आहे! अर्ध्या इंची नळाची भिंत साधारण अडीच मिलिमीटर जाड. तीत आट्यांची खोली सव्वा मिलिमीटरच्या जवळ. म्हणजे आट्यांच्या मुळाशी निम्मीच जाडी उरते, आणि त्यातूनही गंजाने खाल्लेली. पान्यास आणखी एक लांब नळी चढवून जोर दुप्पट केला तर निपल तेथेच पिळून तुटणार, हे उघड आहे.

मग करावे काय? आमच्या शेजारच्या एका घरी गेल्या उन्हाळ्यात असाच जोड अडला असता, काम करावयास आलेला वयस्क कारागीर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याचा होता. भारतातील शहरोशहरी नळकाम करणारे पुष्कळसे कारागीर त्या एका जिल्ह्याचे असतात, आणि तेथील पट्टामुंडई येथे या विद्येची सरकारी शाळाही आहे. घरमालकांचा तरुण मुलगा लांब नळी घेऊन पुढे सरसावला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “थांबा शेठ, आज नाही निघणार. उद्या निघेल.” आणि खरोखरच तो दुसऱ्या दिवशी निघाला. त्याची रीत मी लक्ष देऊन पाहिली; ती आपणांस सांगतो.

प्रथम त्याने पाण्याची मुख्य चावी बंद करून नळ रिता केला. मग जोडाच्या कडेचा जुना रंग, सफेदा व सिमेंट खरवडून काढले. कारण तेल आत जावयाचे तर दार मोकळे पाहिजे. खरवडताना पाणी शिंपडून ती जागा ओली ठेवली व नाकास फडके बांधले. हे फार महत्त्वाचे आहे. त्या खपल्यांत शिसे असू शकते. त्याची धूळ विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करते. सर्व खपल्या गोळा करून त्याने टाकून दिल्या. त्यानंतर गंज सोडविणारे पातळ तेल जोडावर सोडले, हातोडीने एल्बोच्या कडेवर चोहोंकडून हलके ठोके दिले आणि तो घरी गेला. ठोक्यांनी गंजाची वळी तडकते व त्या तडांतून तेल शिरते. या कामास रात्रभराचा अवधी लागतो, आणि तो पैशाने विकत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन पाने घेतले. एकाने भिंतीतील एल्बो धरून ठेवला, दुसऱ्याने निपल धरला. एकाच पान्याने काम करणारा मनुष्य सारा पीळ भिंतीतील नळावर टाकतो आणि जोड सुटण्याऐवजी आतला कोपरा फुटतो. आणखी एक युक्ती अशी की, त्याने निपल आधी सोडविण्याच्या दिशेने न फिरविता केसभर आवळण्याच्या दिशेने हलविला, मग उलट, पुन्हा सुलट. गंजाची पकड मोडावयाची तर ती कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. एकदा ती मोडली की पुढचे काम गणिताने सोपे होते. एका फेऱ्यात निपल सुमारे १.८ मिलिमीटर बाहेर येतो, आणि आटे निमुळते असल्याने तेवढ्यात व्यासात एक नवमांश मिलिमीटराची मोकळीक मिळते. पहिला फेरा काय तो कठीण. दुसऱ्या फेऱ्यास पाचर सुटलेली असते.

कित्येकजण आच देतात. एल्बो शंभर अंशांनी तापविला तर त्याचे तोंड एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे रुंदावते, म्हणजे केसाच्या जाडीच्याही एखाद्या तृतीयांशाइतके. पण गंजाची पकड ढिली करण्यास तेवढे पुष्कळदा पुरते. तथापि न्हाणीघरात हा उपाय जपून करावा. जुन्या शिशाच्या लेपास आच लागली तर वाफा विषारी, जवळ प्लॅस्टिकचा नळ असेल तर तो वितळणार, आणि जेथे तेल ओतले आहे तेथे ज्योत नेणे म्हणजे संकटास आमंत्रण.

आणि निपल मोडलाच तर? तरीही भिंत फोडण्याची घाई करू नये. आत राहिलेल्या तुकड्यास करवतीच्या सुट्या पात्याने आतून उभी चीर पाडावी. एल्बोच्या आट्यांस पाते लागण्याच्या आत थांबावे. मग छिन्नीच्या हलक्या ठोक्याने तो तुकडा आतल्या बाजूस मुरडावा. त्याची कमान मोडली की तो सुटून येतो. या साऱ्या प्रकरणात जपावयाचे ते एकच, एल्बोतील आटे. निपल नवा मिळतो, तोटी नवी मिळते. परंतु भिंतीतील ते आटे शाबूत असले तरच नवी वस्तू जुन्या जागी बसते. त्या आट्यांवर ओरखडा आला की लहान दुरुस्ती मोठी झालीच म्हणून समजावे.

नवा निपल बसविताना हल्ली शिसे नको. १९३८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे रॉय प्लंकेट या रसायनज्ञास दुसराच प्रयोग करीत असता एक पांढरी, निसरडी पूड सापडली. आपण आज टेफ्लॉन म्हणून ओळखतो तो हाच पदार्थ. त्याची पातळ फीत आट्यांवर, टोकाकडून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, गुंडाळली म्हणजे सांद बुजते, गंजास वाव कमी राहतो, आणि पुढे कधी जोड उघडावयाचा झाला तर सहज उघडतो. अलार्म जहाजावरील त्या कागदाचे थोडेबहुत काम ही फीत करिते. आता तर नळच प्लॅस्टिकचे आले आहेत. त्यांस गंज नाही. पण तोटी जेथे लावावयाची तेथे त्या प्लॅस्टिकच्या तोंडातही पितळेची आटेदार कडी बसविलेली असते, आणि तिचे आटे मोजून पाहाल तर दर इंचास तेच १४! मात्र केवळ प्लॅस्टिकचेच आटे असतील तर तेथे जुन्या सवयीने पाना आवळू नये, तोंड चिरते.

श्रोतेहो, एका बोटभर तुकड्याची ही कथा. तीत इंग्लंडच्या बंदुका आहेत, फ्रान्सचे जस्त आहे, अमेरिकेचा पाना आहे, केंद्रपाड्याचा कारागीर आहे आणि विहारचे पाणी आहे. या सर्वांस एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे एक सर्वमान्य माप. ज्यांनी ते ठरविले त्यांनी आपले न्हाणीघर पाहिले नव्हते, आणि ज्याने भिंतीत तो जोड बसविला त्यास आपले नावही ठाऊक नव्हते. तरी आज बाजारातून आणलेली तोटी त्याच्या जोडात बसते. आपणही आज जो जोड बसवू तो पन्नास वर्षांनी दुसरा कोणी उघडणार आहे. तेव्हा नवे काम करवून घेताना कारागिरास फीत नीट गुंडाळावयास सांगा, गरजेपेक्षा अधिक आवळू देऊ नका, आणि लादी बसविण्यापूर्वी भिंतीतील नळ कोठून गेले आहेत त्याचे एक चित्र काढून घराच्या कागदपत्रांत ठेवा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.